अक्काचा उजवा कान

अक्काच्या विद्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. सकाळचे साडेआठ-नऊ झाले असतील. "काकू, अव्वा गेली," एवढंच ती म्हणाली. मी आपली सहज विचारून बसले, "गेली कुठं? आज बॅच नव्हती ना?" बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. सकाळचा चहा घेऊन अक्का पेपर चाळत बसली होती. छातीत जड वाटतंय म्हणाली, खुर्चीतून उठायला गेली आणि परत बसली. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा गल्लीतली माणसं जमली होती. दारात तिची ती निळी गाडी उभी होती, छतावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी असलेली, आणि एकजण गर्दीला वाट करून देताना सवयीनं म्हणत होता, "गाडीला धक्का लावू नका, अक्का ओरडंल." त्याचं त्यालाच ते कळलं आणि तो बाजूला झाला.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. लिहायला बसले खरी, पण तिच्याबद्दल शांतपणे लिहायचं म्हणजे अवघड काम आहे. कारण अक्का स्वतः कधी हळू बोलली नाही. तिचं नाव शैलजा हत्तरगी. मंगळवार पेठेत या नावानं विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. तिच्या लेकीसाठी, विद्यासाठी ती अव्वा आणि उरलेल्या सगळ्यांसाठी अक्का. माहेर गडहिंग्लजचं, भुसार मालाचा व्यापार असलेलं लिंगायत घर. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्या बाजूच्या बायकांसारखी ती "मी आलो", "मी गेलतो" असंच बोलायची. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. पहिल्या दिवशी माझा चेहरा बघून तिनंच विचारलं, "काय बाई, माझं मराठी तपासाय लागलीस व्हय? तू माझं मराठी बघ, मी तुझा क्लच बघतो." तेव्हापासून मी तिच्यासाठी 'बाई' ती शेवटपर्यंत.

तिच्याकडे मी गाडी शिकायला गेले ती पन्नाशी उलटल्यावर. यांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं आणि घरची गाडी धूळ खात उभी राहिली. अक्काचे यजमान अण्णा, त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. ट्रक-टेम्पो शिकणारी पोरं अण्णांकडं आणि बायका अक्काकडं, अशी वाटणी होती. शिकणारी उजवीकडं स्टिअरिंगवर, अक्का डावीकडच्या सीटवर, पायाखाली तिचा स्वतःचा जादा ब्रेक. पहिल्याच दिवशी गाडीनं असा हिसका दिला की माझा चष्मा नाकावरून खाली आला. "बाई, हळू सोड की क्लच! गाडी हाय, दावं तोडून पळाय म्हस न्हाय." मी म्हटलं, "अक्का, मला भीती वाटते हो." त्यावर ती जे म्हणाली ते मी नंतर कितीतरी बायकांना तिच्या तोंडून ऐकलं. "भीती वाटली तर मोठ्यानं सांगायचं. मनात ठिवलीस तर मी ब्रेक कसा मारू?" लायसन मिळालं, पण मी तिच्याकडे जायची थांबले नाही. गाडी शिकायला म्हणून गेले आणि मैत्रीण घेऊन आले.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, डावी बाजू लुळी पडली आणि आवाज पार खाली गेला. खणखणीत बोलणारा माणूस पुटपुटायला लागला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची कॉट आली. अक्का सकाळी त्यांचं सगळं आवरून बॅच घ्यायची, दुपारी परत येऊन त्यांना भरवायची. तक्रार अशी तिनं केली नाही. एकदा मात्र म्हणाली, "माणूस हाय, बोलतोय, एवढं बास हाय गं. घर बोलतं राहिलं पायजे."

त्यानंतर वर्षभरातली गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. अक्का सकाळी उठली, फोन वाजला, तिनं उचलून उजव्या कानाला लावला तर आवाजच नाही. "फोन बिघडला बघ," म्हणून तिनं तो विद्याच्या हातात दिला. विद्या त्यावर नीट बोलली. अक्कानं परत घेतला, या खेपेला डाव्या कानाला लावला… आणि माणूस बोलत होता. उजव्या कानात आवाज एकच, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जशी सूं सूं सुरू होते तसा, आणि तो थांबायला तयार नाही. न्हाताना पाणी गेलं असेल म्हणून ती गप्प बसली. मग लसणाचं कोमट तेल झालं, शेक झाला, कुणी कापूर सांगितला तो झाला. अण्णांचं करण्यात दोन-तीन आठवडे कसे गेले तिलाही कळलं नाही. शेवटी मीच तिला ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?" अक्कानं सांगितलं. "एकाएकी ऐकू यायचं थांबलं की त्याच दिवशी यायचं असतं, अक्का. लवकर औषध सुरू झालं तर काही वेळा परत येतं." औषधं दिली, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनंही दिली. उपयोग झाला नाही. पडदा चांगला, कानातली हाडं चांगली, पण आतली नस गेली होती. हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण तेव्हा आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं झालं तर त्यांनी तेल गरम करत बसू नये.

एक कान गेला तर दुसरा आहे की, असं सगळेच म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. पण अक्काचं सगळं आयुष्य उजव्या बाजूला बसलेलं होतं. गाडीत शिकणारी उजवीकडं. ओट्यापाशी उभी राहिली की अण्णांची खोली उजवीकडं. शिवाय आवाज कुठून आला हेच तिला कळेना. मागून हॉर्न वाजला की ती भलतीकडं बघायची. बाजारात उजवीकडून कुणी हाक मारली तर ती सरळ पुढं निघून जायची, आणि अक्काला शिष्टपणा आलाय असं लोक बोलायला लागले. एका लग्नात ती डावा कान लोकांकडे येईल असा कोपरा शोधत फिरत होती, आणि शेवटी न जेवताच घरी आली. "सगळी एकदम बोलत्यात, आणि माझ्या डोक्यात नुसता भाजीबाजार भरतोय," म्हणाली.

तरी बॅच चालू होती. तेव्हा स्नेहल नावाची नवी लग्न झालेली मुलगी शिकत होती. गुणी, पण आवाज इतका बारीक की समोर बसून ऐकायलाही कान द्यावा लागे. उसाचे दिवस होते. बावड्याच्या रस्त्यावर पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. स्नेहलच्या पायातली चप्पल निसटून ब्रेकखाली अडकली. ती म्हणाली, "अक्का, ब्रेक दबत नाही." अक्का डावीकडं वळणाऱ्या एका स्कूटरकडं बघत होती. स्नेहल परत म्हणाली. अक्कानं पुढं पाहिलं तेव्हा ट्रॉली काचेसमोर आली होती. तिनं तिचा ब्रेक मारला, पण उशीर झाला. बॉनेट चेपलं, ऊस काचेवर आले, स्नेहलच्या कपाळाला टेंगूळ आलं. जिवावरचं काही झालं नाही. ट्रॅक्टरवाला उतरून आला, "काय पावणं, एवढी ट्रॉली दिसत न्हाय व्हय?" म्हणाला, आणि रडणारी मुलगी बघून स्वतःच तिला पाणी द्यायला लागला. स्नेहल हुंदके देत त्याला सांगत होती, "मी अक्कांना सांगितलं होतं… दोनदा सांगितलं." हे वाक्य मात्र अक्काला नीट ऐकू आलं.

त्या संध्याकाळी तिनं गाडीच्या छतावरची पाटी काढून माळ्यावर टाकली. मी समजावलं, विद्यानं समजावलं. तिचं एकच, "पोरगी मेली असती तर?" मग ती घरी बसली. आणि घरात तर आणखीच वाईट चाललं होतं. अण्णा कॉटवरून काहीतरी म्हणायचे, ओट्यापाशी तिला ते ऐकू यायचं नाही. ती मुद्दाम दुर्लक्ष करते असं आधी अण्णांना वाटलं, ते चिडायचे. पुढं त्यांनी हाक मारायचंच सोडून दिलं. मी जायची तेव्हा दोघं दोन खोल्यांत असायची आणि घरात फक्त टीव्हीचा आवाज.

कानात घालायचं साधं मशीन तिनं लावून पाहिलं होतं. नुसती घरघर मोठी झाली, शब्द एक कळेना. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा तिथं एक नवी ऑडिओलॉजिस्ट आली होती, विद्याच्या वयाची. तिनं कागदावरचा आलेख बघितला आणि म्हणाली, "अक्का, तुमचा डावा कान छान आहे. उजव्याच्या नसेला कितीही मोठा आवाज दिला तरी ती तो उचलणार नाही. मग आपण उजवीकडचा आवाज डावीकडं नेऊ."

"कसा? नळी घालणार हाईस काय?"

"नळी कशाला? मधे कवटीचं हाड आहे की."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. ही पोरगी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं असणार. त्या मुलीनं दोन शिंगांचा धातूचा चिमटा काढला, टेबलाच्या कडेवर हळूच वाजवला आणि त्याचा दांडा अक्काच्या उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला. अक्का डोळे मिटून बसली. मग तिचा डावा हात सावकाश वर आला आणि डाव्या कानावर गेला. "हितं वाजतंय…" ती म्हणाली. "तू तर तिकडं धरलंयस की! हौदा?" 'खरंच का?' हे ती कानडीत विचारायची ते फक्त अगदी मनापासून विचारायचं असलं तरच. मुलगी हसून म्हणाली, "तो आवाज हाडातून पलीकडं गेला. आपलं मशीनही हेच करतं. उजव्या बाजूचं बोलणं पकडतं, हाडाला थरथर देतं, आणि तुमचा डावा कान ते ऐकतो." पण तिनं पुढचंही लगेच सांगितलं, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला. "हा कान परत येणार नाही, अक्का. आवाज कुठून आला ते यानं कळणार नाही. गर्दीत कधी कधी त्रासही होईल. आठ-पंधरा दिवस घरी नेऊन वापरा, मग ठरवू." शस्त्रक्रिया करून हाडात छोटा स्क्रू बसवायचा, त्यावर मशीन लावायचं, असाही एक प्रकार होता. अक्का म्हणाली, "स्क्रू गाडीला लई बसवलं. डोक्याला नको." मग डोक्याभोवतीची लवचीक पट्टी आणि कानामागं हाडावर दाबून बसणारं, काड्यापेटीच्या निम्मं असेल एवढं मशीन, असं घेऊन आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मी पुढच्या खोलीत बसले आणि अक्का चहा करायला आत गेली. चहा आला. तिनं अण्णांना थोडा थोडा पाजला आणि कपबशी घेऊन ती परत ओट्यापाशी गेली. अण्णा भिंतीकडं बघत पुटपुटले. मलाच ते जेमतेम ऐकू आलं. आतला कपबशीचा आवाज थांबला. अक्का दारात आली.

"काय म्हणालासा?"

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. "साखर… लई पडलीया."

"आणि एकदा म्हणा."

"चहात साखर लई पडलीया म्हटलं."

"मग इतकं दिवस गप कसं पिलासा?"

"गप न्हाय," अण्णा एकेक शब्द जुळवत म्हणाले. "रोज सांगत हुतो."

अक्का तशीच वळली. आत गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ ती एकच कपबशी धूत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि आवाज नेहमीचा होता. "उद्यापास्नं बिनसाखरेचा मिळंल. मग तक्रार नको." अण्णा हसले. लुळ्या पडलेल्या बाजूमुळं ते हसू अर्धंच येई, पण त्या दिवशी ते मला पुरेपूर दिसलं.

मशीन ठेवायचं ठरलं. त्याच्यासाठी स्कूलच्या दोन गाड्यांमधली एक तिनं विकून टाकली. पट्टी काळी होती, ती काही तिला आवडेना. तिनं विचारून घेतलं की वरून कापड लावलं तर चालेल का. मशीन कातडीला टेकलं पाहिजे एवढंच बघा, असं त्या मुलीनं सांगितल्यावर अक्कानं खणाचा तुकडा शिवून पट्टीला बाहेरून लावला, हिरवा, लाल काठाचा. रस्त्यात बायका विचारायच्या, "अक्का, डोक्याला लागलं काय?" ती म्हणायची, "न्हाय गं. टॉवर बसवलाय. रेंज मिळत न्हवती."

सवय व्हायला महिना गेला. आधी सगळंच अंगावर यायचं, भांडी, पंखा, तिची स्वतःची केसांवरून फिरणारी बोटं. मग तिनं डॉक्टरांना जाऊन सरळ विचारलं, "मी परत गाडीत बसू का?" त्यांनी तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी तिचं समाधान होईना. म्हणाली, "बाई, आधी तुला घिऊन बघतो. तू मेलीस तर चालतंय." आम्ही शिरोळच्या रस्त्याला लागलो. मी चालवते, ती डावीकडं. तिनं आपल्यासाठी जादा आरसे लावून घेतले होते. हॉर्न वाजला की ती कानावर विसंबायची नाही, पटकन सगळ्या आरशांत बघायची. दोन्ही बाजूंना ऊस, मोकळा रस्ता. मग मी मुद्दाम स्नेहलइतक्या बारीक आवाजात, समोर बघत म्हटलं, "अक्का, तुझा पदर दारात अडकलाय."

"मग थांबीव की गाडी! बघतीस काय?"

मी कडेला थांबवली. पदर खरंच अडकला होता. ती दार उघडून तो सोडवत राहिली, आणि मग आम्ही दोघी बांधावर बसून हसलो, एकमेकींना टाळ्या देत, शाळेतल्या मुलींसारख्या.

परतताना तिनं गाडी घराकडं वळवू दिली नाही, स्नेहलच्या सासरी न्यायला लावली. मी गाडीतच थांबणार होते, ती म्हणाली, "चल, साक्षीला." स्नेहलच्या सासूनं चहा विचारला, पण चेहरा आंबटच होता. अक्का पाटावर बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या दिवशी पोरगीनं दोनदा सांगितलं. मला ऐकू आलं न्हाय. चूक माझी, तिची न्हाय. हे तुमच्या घरात मला सांगायचं हुतं." सासू म्हणाली, "झालं गेलं. आता काय गाडी शिकायची गरज न्हाय तिला." अक्कानं डोक्यावरची पट्टी दाखवली. "आता ऐकू येतंय. सूनबाई काय म्हणत्या ते मला तरी ऐकू येतंय." सासूला तो टोमणा कळला असावा. स्नेहल दाराआड उभी होती. तिनं तिच्या त्याच बारीक आवाजात सांगितलं, "मला शिकायचंय." खोलीत जो तो एकमेकांकडं बघायला लागला आणि अक्का उठून म्हणाली, "ऐकू आलं. सोमवारी सातला." पाटी माळ्यावरून खाली आली. स्नेहल आज गडहिंग्लजला नोकरीला आहे आणि शनिवारी स्वतः गाडी चालवत घरी येते.

अण्णा त्यानंतर दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत ती दोघं इतकी भांडली की विद्या कानांवर हात ठेवायची. चहा, पंखा, टीव्हीवरच्या मालिका, गाडीचं ऑइल, विषय कुठलाही चाले. अण्णा गेले त्या दिवशी अक्का फारशी रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "सगळं बोलून गेला माझा माणूस. माझ्याजवळ काय ठिवलं न्हाय."

अण्णांनंतर आम्ही दोघी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायला लागलो. तिथं पोचलं की ती पहिल्यांदा डोक्यावरची पट्टी काढून पर्समध्ये टाकायची. "दिवसभर सगळ्यांचं ऐकलं. आता डोसक्याला जरा वारा लागू दे." मग मी न सांगता तिच्या डाव्या हाताला व्हायची. बोलायचं असलं तर बोलायचो, नाहीतर नाही. शेवटच्या आठवड्यात ती एकच विषय धरून होती. विद्यानं डावीकडच्या सीटवर बसावं असं तिला वाटत होतं. "चालवती चांगली, पण वरडत न्हाय गं पोरगी. शिकवणाऱ्याला वरडाय आलं पायजे." मी म्हटलं, तुझी मुलगी आहे, येईल. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "यायला पायजे."

लिंगायतांच्या रीतीनं तिला समाधी देण्याआधी विद्यानं आईच्या पर्समधून मशीन काढून घेतलं. ते पुढं तिनं त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीकडं दिलं. तपासून, नव्यानं लावून ते दुसऱ्या कुणाला तरी देता येईल असं ती म्हणाली. खणाची पट्टी विद्यानं ठेवून घेतली. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या गल्लीतून जात होते तर निळी गाडी कोपऱ्यावर बंद पडलेली, स्टिअरिंगवर घामाघूम झालेली एक बाई, मागं रिक्षांचे हॉर्न, आणि डावीकडच्या काचेतून विद्याचा आवाज, "अगं, हळू सोड की! कोण पाठी लागलंय तुझ्या?" मी थांबले नाही. तिला बघितल्याचं तिला कळू दिलं नाही.

फिरायला मी अजून जाते. एकटीच असते, तरी चालते ती रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, उजवीकडं एका माणसाची जागा सोडून. परवा मागून एक पळणारा मुलगा आला आणि त्या जागेतून पुढं गेला. मी त्याला वाट द्यायला कडेखाली उतरले… आणि परत माझ्या कडेला येऊन चालायला लागले.